उजवं-डावं आणि माझी पाळत

आमच्या गावात रस्ता विचारणाऱ्याला लगेच रस्ता सांगत नाहीत. आधी त्यालाच विचारतात, "कोणाकडे? काय काम?" वाड्यांवर डोळा ठेवून फिरणारे जमिनीचे एजंट इतके झालेत, की पटकन पत्ता सांगून मोकळा होणारा माणूस आम्हाला खुळा वाटतो. लग्न होऊन वसईत आले तेव्हा मला हा उद्धटपणा वाटायचा. आता सगळ्यात जास्त चौकशा मीच करते.

म्हणूनच माझी मुलगी दारापुढच्या ओट्यावर बसून, कानात इअरफोन घालून, कोणाला तरी आमच्या घराचा रस्ता सांगताना दिसली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

बोलत होती स्पॅनिश. ऑफिसचं काम ती घरूनच करते आणि संध्याकाळी ही भाषा शिकते, एवढं मला ठाऊक होतं. शब्द कळत नव्हते, पण हात कळत होता. हात आधी सरळ गेला, नाक्यावरच्या क्रुसापाशी उजवीकडे वळला, मग बावखलाला, म्हणजे आमच्या वाडीशेजारच्या जुन्या तळ्याला, वळसा घालून थेट आमच्या फाटकात आला. आणि समोरच्याला हिने एकदाही विचारलं नाही, काय काम म्हणून!

स्थळ दाखवलं की "आत्ता नको" म्हणणारी ही मुलगी. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"कोणीतरी येणार आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

तो नुकताच केळीचा घड उतरवून आला होता. "येऊ दे की. चहा टाक."

असल्या माणसापुढे काय बोलायचं?

मग मी आडवळणाने सुरुवात केली. मोगऱ्याच्या कळ्या खुडताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "उजवीकडे याला तुझ्या त्या भाषेत काय म्हणतात गं?" तिचा चेहरा असा खुलला! उजवीकडे म्हणजे देरेचा. डावीकडे म्हणजे इस्क्येर्दा. सरळ म्हणजे तोदो रेक्तो. माझ्याकडून घोकून घेतलं, मी चुकले की खिदळली. "आई, येतंय गं तुला!" मला कसली हौस? मला पाळत ठेवायची होती.

त्यानंतर भाकरी थापताना माझे कान ओट्यावर असायचे. तोदो रेक्तो, देरेचा, आणि स्वारी बरोब्बर आमच्याच दारात. एकदा तर मी क्रुसापर्यंत जाऊन आले. तिथे एक अनोळखी माणूस स्कूटर लावून उभा होता. "कोणाकडे?" मी दरडावलं. "काकू, पार्सल आहे," तो म्हणाला. पार्सल शेजाऱ्यांचं निघालं, तरी मी त्यावरचा पत्ता वाचल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

गेल्या आठवड्यात मात्र माझं गणित बिघडलं. इस्क्येर्दा. लगेच पुन्हा इस्क्येर्दा. मग कितीतरी वेळ नुसतं तोदो रेक्तो. आमच्या गावात असं चाललं तर माणूस कोणाच्या तरी केळीत घुसेल, आणि इतका सरळ रस्ता तर आमच्याकडे नाहीच. पिठाच्या हातांनीच मी बाहेर आले. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता, त्यावर कुठल्याशा शहराचा नकाशा. तिचं बोट एका घरापाशी थांबलं होतं.

"हे कोणाचं घर?"

तिने इअरफोन काढले. "भाड्याने घेतोय आम्ही दोघी-तिघी मुली. ऑफिसने तिकडे पोस्टिंग दिलंय. आई, मी सांगणारच होते गं."

"आणि ते रोज आपल्या घरी कोणाला बोलवत होतीस?"

"कोणाला म्हणजे? क्लास आहे तो. आधी स्वतःच्या घराचा रस्ता सांगायला लावतात. तो जमला, आता तिकडचा चाललाय."

म्हणजे कोणीच येणार नव्हतं. कोणीतरी यायला हवा होता, असं मला पहिल्यांदाच वाटलं. कसलाही चालला असता, मी एक प्रश्न विचारला नसता.

ती शहराचं नाव सांगत होती, हवा कशी असते ते सांगत होती. माझ्या कानात काही शिरलं नाही.

"कधी?" मी विचारलं.

"गणपती झाले की."