नाव कुणी ठेवलं?

आमच्या ह्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तो शब्द यांच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता. परळीहून पुण्यात आले, हडपसरला कारखान्यात लागले. साहेब म्हणाला डबल पाळी कर, यांनी केली. कारखाना बंद व्हायला आला, साहेब म्हणाला राजीनाम्यावर सही कर, तीही केली. वर घरी येऊन मला म्हणतात, चहा टाक. डोकं फिरेल नाही तर काय!

आमचे हे म्हणजे वैजनाथ. गाणी लिहितात, चाली लावतात, वाजवतात आणि रेकॉर्डही स्वतःच करतात. कारखान्याकडून जे मिळालं त्यात कीबोर्ड आणि कॉम्प्युटर घेतला, आणि आमचे घरमालक गेनबादादा, त्यांच्या चाळीत पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत स्टुडिओ थाटला. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि माझ्या गोधड्या. गायिका परवडत नाही म्हणून गायचं मी. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जातो. वर पत्रा तापलेला, आणि मी घाम पुसत प्रेमाची गाणी म्हणतेय.

आयटी पार्कच्या बसची वाट बघणाऱ्या पोरीवर यांनी एक गाणं केलं होतं. ते असं चाललं की एका गणपतीत मंडळामंडळात तेच. कॅसेट हातात आली तर कव्हरवर गीत-संगीत म्हणून कॅसेट कंपनीच्या मालकाच्या भाच्याचं नाव. यांनी कॅसेट उलटी केली, सुलटी केली. “जाऊ दे, गाणं तर वाजतंय ना,” म्हणाले. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. यांनीही जेवायला मागितलं नाही, आणि ती कॅसेट आमच्या घरात कधी लागली नाही.

पुढे कॅसेटच गेल्या. तेव्हा यांना नावांच्या गाण्यांनी तारलं. ज्यांच्या रानात काचेच्या इमारती उठल्या त्यांच्या घरच्या हळदी म्हणजे अर्धं लग्नच. डीजे लागायचा, आणि घरच्या सगळ्यांची नावं गुंफलेलं खास गाणं वाजायचं. नावं मानाप्रमाणे यायला हवीत. काकाचं मामानंतर आलं तर काका ताटावरून उठणार. हे जाऊन घरातल्या बायकांना विचारून यायचे आणि एकेक नाव चालीत बसवायचे. यात यांचा हात कुणी धरला नसता.

गेनबादादांच्या धाकट्याचं, पियुषचं लग्न निघालं, तेव्हा गाणं अर्थातच आमच्याकडे आलं. यांनी सवाल-जवाबाचं केलं. मांडव कुणी घातला? दादांनी घातला. हळद कुणी दळली? यमुनाबाईनं दळली. आणि शेवटी, नाव कुणी ठेवलं? सोजर आत्यानं ठेवलं. बारशाला नाव आत्याच ठेवते, मग नावांच्या गाण्यात नाव ठेवणारी नको का? यांनी यमुनाबाईंना, म्हणजे दादांच्या बायकोला, आत्याचं नाव विचारलं आणि त्यांनी सांगितलं. झालं.

हळदीच्या आदल्या दिवशी दादा गाणं ऐकायला आले. मांडीवर ताल धरून ऐकत होते. आत्याची ओळ आली आणि हात थांबला.

सोजरबाई म्हणजे दादांची सख्खी बहीण, कात्रजला राहते. रान विकलं तेव्हा तिनं वाटा मागितला आणि कोर्टात गेली. तेव्हापासून तिचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं. आम्ही बाहेरचे, आम्हाला कोण सांगणार?

“ते नाव काढ,” दादा म्हणाले. “मांडवात ते वाजलं तर खोली रिकामी कर. दुसरी बात न्हाई.”

“काढतो दादा,” हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

दादा गेल्यावर मीच घाई केली. हा स्टुडिओ गेला तर या वयात यांना कोण उभं करणार? नाव दादांनी ठेवलं, असं मी गाऊन दिलं. यांनी हेडफोन लावला आणि कॉम्प्युटरकडे बघत बसले. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, झालं.

मांडवात माणूस मावत नव्हता. पियुष पाटावर, बायका हळद लावतायत, दादा पुढच्या खुर्चीत. हे डीजेवाल्याजवळ उभे होते. गाणं लागलं. एकेका नावाला शिट्ट्या पडत होत्या, ज्याचं नाव येईल तो नाचत होता. मी मात्र ओळी मोजत होते. शेवटी स्पीकरमधून माझाच आवाज आला: नाव कुणी ठेवलं?

आणि पुढे काहीच नाही. नुसता ठेका. यांनी सोजरबाईचं नाव काढलं होतं आणि दादांचं घातलंच नव्हतं. जागा मोकळी सोडली होती.

त्या जागेत बायका बोलल्या. सवाल आला की जवाब तोंडात येतोच. यमुनाबाई हळदीच्या हातांनीच म्हणाल्या, “सोजर आत्यानं ठेवलं,” आणि मागून सगळी भावकी.

गाणं संपलं. कुणी दादांकडे बघेना. दादा उठले आणि सरळ यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

“मी काय सांगितलं हुतं?”

“नाव काढ म्हणालात. काढलं.”

“खोली सोड.”

“सोडतो,” हे म्हणाले.

एवढ्यात पाटावरून पियुष म्हणाला, “वैजूकाका, परत लावा.”

“लावायचं न्हाई,” दादा म्हणाले. मी यांच्याकडे बघत होते. पोरालाही ‘नाही’ म्हणता येईना आणि बापालाही, यांचा स्वभाव मला माहीत आहे.

“नाही दादा,” हे म्हणाले, आणि बटण दाबलं.

गेला स्टुडिओ, मला तिथंच कळलं. पण सवाल आला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी ओरडले.