पदराआडचा पंप

आमच्या घरात माझ्या दम्याला नाव नव्हतं. त्याला ‘तिचं ते’ म्हणायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऑफिसातून आले की आईला विचारायचे, “तिचं ते आज बरं आहे का?” आणि मी तिथेच समोर बसलेली असायचे! पंपाचा तर उल्लेखही करायचा नाही. आईने जुन्या साडीची थैली शिवली होती, तिच्यात पंप आणि ती थैली आईच्या पर्समध्ये. पंप ओढायचा तो बाथरूममध्ये, नळ सोडून.

कारण एकच. बेंगळुरात आपल्या मराठी लोकांची घरं मोजकी. पिढ्यान् पिढ्या इथे राहून आमच्या मराठीत निम्मं कन्नड शिरलं, पण मुली द्यायच्या त्या मोजक्याच घरांत. मल्लेश्वरमला कुणी शिंकलं की राजाजीनगरहून फोन यायचा, “सर्दी उतरली का?” आई म्हणायची, “मुलीला दमा आहे हे एकदा कळलं ना, की संपलंच सगळं.” अहो, मी आठवीत होते! मला कुठे लग्न हवं होतं, मला थ्रोबॉल हवा होता.

आणि थ्रोबॉल मला येत होता, हे मी आज कसलाही विनय न दाखवता सांगते. जाळीपलीकडून कसाही चेंडू येऊ दे, माझ्या हातून सुटत नसे. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं की खेळाच्या थोडं आधी पंप घे आणि मग खुशाल खेळ. सराव सकाळचा असायचा, त्यामुळे घरूनच, नळ सोडून, पंप ओढून निघायचे. कुणाला पत्ता लागला नाही. मी शाळेच्या टीममध्ये आले.

पहिलीच मॅच राजाजीनगरच्या एका शाळेत, दुपारी. आई पर्स घेऊन आली. आणि तिथेच राहणारी माझी आत्या, भाचीचा खेळ बघायला म्हणून, शेजारणीला घेऊन हजर. दोघींच्या मधे आई. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, “आई, थैली.”

आईने डोळे वटारले.

“कसली ग थैली?” आत्याने विचारलंच.

“काही नाही, रुमाल हवाय तिला,” आई म्हणाली, आणि पर्समधून तिने मला खरोखरच रुमाल काढून दिला. मी तो घेऊन खेळायला उतरले.

पहिला सेट आम्ही जिंकला. दुसऱ्यात छाती आवळायला लागली. आत घेतलेला श्वास बाहेरच पडेना. थ्रोबॉलमध्ये चेंडू हातात धरून ठेवता येत नाही, लगेच फेकावा लागतो. मी तो झेलला आणि तशीच धरून उभी राहिले. शिट्टी वाजली. सगळ्या माझ्यावर ओरडत होत्या. “कूतकोम्मा, स्वल्प कूतको,” म्हणत पीटीच्या मिसनी मला बाहेर नेऊन बसवलं. आई धावत आली, मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली आणि माझ्या डोक्यावरून अख्खा पदर घेऊन आत पंप दिला. आत्याला सांगितलं, ऊन लागलं.

त्या संध्याकाळी माझा थ्रोबॉल बंद झाला. “सरी, बिडु,” म्हणजे जाऊ दे आता, एवढंच अण्णा म्हणाले. मी रडले, जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. पुढे मी बससाठीसुद्धा कधी धावले नाही.

आणि लग्न कुणाशी झालं? पुण्याहून कंपनीत नोकरीला आलेल्या माणसाशी! त्याला त्या मोजक्या घरांतलं एकही घर माहीत नव्हतं. दम्याचं सांगितलं तर म्हणाला, “मग? माझ्या भावालाही आहे.” मी हसले, आणि मग मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका.

परवा लेकीची मॅच होती. तिलाही दमा, तिलाही थ्रोबॉल. आई हट्टाने आली होती. लेकीने कोर्टाच्या कडेलाच पंप काढून हलवला, तशी आई गुडघे धरत उठली आणि तिच्यापुढे पदर पसरून उभी राहिली.

“अज्जी, स्वल्प सरक ना! मिस दिसत नाहीत मला.”

आजूबाजूच्या पोरी हसल्या. आई परत जागेवर येऊन बसली. लेक शेवटपर्यंत खेळली, आणि आईने एकदाही कोर्टावरून नजर हलवली नाही.

मॅच संपल्यावर माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “तू कुठे उभी राहायचीस ग?”

मी भडकलेच. “तू होतीस की तिथे!”

“होते. पण माझं सगळं लक्ष पर्सकडे.”

मी बोटाने मागच्या रांगेतला डावा कोपरा दाखवला. पोरी तिथून बाटल्या उचलत होत्या.

“चांगली खेळायचीस का?”

“हो,” मी म्हणाले. “खूप चांगली खेळायचे, आई.”