पत्र्यातून आलेला दगड

एक दगड शेडचा पत्रा फाडून आत आला, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी बीदर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात पीएसआय होतो. गाव दुबलगुंडीच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण ती माणसं आजही तिथंच राहतात.

जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. पलीकडे गावातला एक दुकानदार होता. "साहेब, लवकर या! मचाणावरल्या बाईनं गोफणीनं शेजाऱ्याला मारलंय. मी डोळ्यानं बघितलो!"

डबा तसाच झाकून मी आणि ठाण्यातले दफेदार, म्हणजे आपल्याकडचे हवालदार, निघालो. जखमी शेतकऱ्याला लोकांनी आधीच बीदरच्या दवाखान्यात हलवलं होतं. जेवून शेतातल्या शेडमध्ये बाजेवर पडला असताना मुठीएवढा दगड पत्र्यातून आला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडून गेला. चार बोटं अलीकडे पडता, तर डोकंच गेलं असतं.

संशय घ्यायला सगळं तयारच होतं. शेजारच्या शेतात पन्नाशीची एक विधवा मचाणावरून ज्वारी राखत होती. बांधावरून दोघांचं जुनं भांडण होतं, आणि त्याच सकाळी तिनं चारचौघांत "डोस्कं फोडते तुझं" असं म्हटलं होतं. मचाण शेडपासून दीडशे पावलांवर. हातात गोफण.

महिला शिपाई बरोबर घेऊन ठाण्यात तिची चौकशी केली. "भांडले की साहेब, व्हय," ती म्हणाली. "पाखरांवर दगडंबी मारले. पर माणसाला कामून मारू? त्येच्या लेकीचं बाळंतपण मी केलंय."

ती डोळे चुकवत नव्हती. पण डोळे न चुकवणारे पक्के गुन्हेगारही मी पाहिले होते. सूर्य मावळायच्या आत तिला घरी पाठवलं आणि सकाळी पंचनामा उरकून अटक करायची असं ठरवलं. कागद लिहून तयार होते.

सकाळी दोन पंच बोलावले. त्यातल्या एक सरकारी हायस्कूलच्या विज्ञान शिक्षिका. बोलणं मराठी, मधूनच कन्नड. शेडमध्ये त्या बराच वेळ वर-खाली बघत राहिल्या. पत्र्याला भोक, खाली बाजेच्या तुटलेल्या सुंभात भोक, त्याखाली सारवलेल्या जमिनीत खड्डा.

"साहेब, दोरी मिळेल का?"

दोरी आणली. त्यांनी ती पत्र्याच्या भोकातून घेऊन खड्ड्यापर्यंत ताणली. बाजेचं भोक बरोबर मध्ये आलं. तिन्ही एका रेषेत! मग पिशवीतून कंपासपेटीतला कोनमापक काढून जमिनीशी लावला. "सत्तर अंशाच्या आसपास. दगड जवळजवळ उभा पडलाय."

"आला कुठून?"

त्यांनी दोरीची दिशा धरून हात लांबवला. हात थेट मचाणाकडे गेला. दफेदारानं माझ्याकडे बघून मान हलवली, झालं काम म्हणून. पण शिक्षिका म्हणाल्या, "थांबा अण्णा. फेकलेला दगड एकाच वेळी दोन कामं करतो. पुढं जातो, आणि वर जाऊन खाली येतो. पुढं ओढणारं त्याला कुणी नसतं, खाली ओढणारी पृथ्वी असते. सपाट रानात ज्या कोनात चढला, साधारण त्याच कोनात उतरतो. म्हणजे हा आभाळाकडंच फेकलेला असणार. तेवढ्याच जोरानं उभा फेकला तर तो जवळच पडतो. आता बघा, गोफणीनं जमतंय का."

मचाणाखाली गाव जमलं. त्या विधवेला बोलावलं. तिनं गोफणीत दगड घातला. "दगड तिथवर गेला तर मी मेलेच की!"

"अक्का, सगळा जोर लावून टाका," शिक्षिका म्हणाल्या.

तिनं गोफण गरगर फिरवून तिरपा दगड सोडला. तो शेडच्या अलीकडे दहा पावलांवर पडला. मग जवळजवळ आभाळाकडे सोडायला लावला. दगड उंच गेला, पण पडला निम्म्या वाटेत. ती मुद्दाम हात राखतेय असं कुणी म्हणू नये म्हणून गोफणीत नावाजलेल्या एका गड्यालाही उभं केलं. त्याचा तिरपा दगड शेडच्या पार गेला, उभा मात्र पुन्हा मध्येच. पाच वेळा टाकलं, पाचही वेळा तेच! गर्दी ओरडायला लागली. सत्तर अंशात इथवर दगड आणायला माणसाचा हात पुरतच नव्हता.

मग कुणाचा जोर? मी मचाणावर चढून त्याच रेषेत पुढं पाहिलं. टेकाडामागं दगडखाणीची धूळ दिसत होती.

"तिथं दुपारी सुरुंग उडतात का?"

"रोजच उडत्यात की," चार-पाच जण एकदम म्हणाले. रोजचा आवाज म्हणून जबाबात कुणी तो सांगितलाच नव्हता.

जखमीची बायको म्हणाली, "आवाज झाला त्या वक्ताला मी घागर भरायले होते. दगड मागनं आला साहेब, बऱ्याच वेळानं."

शिक्षिकेनं खाणीचं अंतर विचारलं. चारशे मीटर. वहीच्या पानावर काहीतरी मांडलं, घडी घालून पान माझ्या खिशात टाकलं. "आता ह्यांना काल केलं तसंच करायला लावा, आणि घड्याळ बघा."

सुरुंगाच्या आवाजाऐवजी मी टाळी वाजवली. जखमीच्या बायकोनं अर्धी भरलेली घागर नळाखाली धरली, भरली, काखेला घेतली, शेडच्या उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "हितं. हितं आल्यावर धाडकन झालं." सतरा सेकंद. मी पान उघडलं. 'दगड हवेत: सुमारे पंधरा सेकंद.'

अंगावर सरसरून काटा आला. पण कोर्टात काटा चालत नाही, पुरावा लागतो. दहा माणसं ज्वारीत घातली. तासाभरात आणखी तीन ताजे फुटलेले दगड मिळाले, आणि एकाच्या अंगावर सुरुंग भरायला पाडतात त्या ड्रिलच्या भोकाची अर्धगोल खोबण होती. पंचांच्या सह्या घेऊन दगड ताब्यात घेतले आणि तडक खाण गाठली.

तिथला मुकादम हसला. "आमचा दगड शंभर फुटापुढं जात न्हाई साहेब. वाळूची पोती अन् जाळी टाकूनच सुरुंग लावतो."

मी खोबणीचा दगड टेबलावर ठेवला. "काल टाकली होती?"

त्यानं टेबलावरची पावतीबुकं आवरायला घेतली. मागं उभा असलेला एक कामगार मात्र खाली बसला. "न्हाई साहेब. काल ट्रक उभे होते, घाई चालली होती. जाळीबी न्हाई, पोतीबी न्हाई. दारूबी जास्त भरली."

फोन करणाऱ्या दुकानदाराला पुन्हा बोलावलं. "दगड सुटताना बघितलास?"

"बघितलो... म्हंजे, वरडा ऐकून भायेर आलो, तर बाईच्या हातात गोफण होती."

खाणीवर गुन्हा दाखल झाला, सुरुंग बंद झाले. शेतकरी दीड महिन्यानं घरी आला. बांधाचं भांडण काही मिटलं नाही. पण तो आला त्या दिवशी ती विधवा त्याच्या घरी भाकरी घेऊन गेली, आणि दोघं पुन्हा बांधावरूनच भांडले, असं दफेदारानं हसत सांगितलं.

दुकानदार खोटारडा नव्हता. त्यानं आधी किंकाळी ऐकली, मग गोफण पाहिली, आणि मधली जागा स्वतःच भरली. मीही तेच केलं होतं. पुढं नोकरीभर 'हे कुणी केलं' हा प्रश्न मी दुसरा ठेवला. त्याआधी विचारायचो, 'त्याच्याकडून हे होऊ तरी शकतं का?' त्या एका प्रश्नानं किती माणसं माझ्या हातून वाचली ते मला माहीत नाही. पहिली मात्र माहीत आहे. तिच्या अटकेचे कागद मी खाणीवरून परतल्यावर माझ्या हातानं फाडले.