लेकीच्या डोक्यावर नारळ

माझी मुलगी सहावीत असताना शाळेच्या नाटकात तिला जमीनदाराची भूमिका मिळाली. मिशा, फेटा, पोटाला बांधायची उशी, सगळं ती उड्या मारत सांगत होती. शेवटी म्हणाली, "आणि मग माझ्या डोक्यावर नारळ पडतात."

मी पोळी लाटायची थांबले. "कसले नारळ?"

"झाड चिडतं ना माझ्यावर. मी त्याच्या सावलीचंही भाडं मागते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नाटकाचे सर मोठे उत्साही गृहस्थ. म्हणाले, "खरा नारळ एकच ठेवू, धप्पकन आवाज यायला. बाकीचे खोटे. आणि तुमची मुलगी चपळ आहे, बाजूला होईल."

दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधणं, हे माझं कंपनीतलं काम. त्यामुळे मी तिथल्या तिथे सरांना शंका विचारायला सुरुवात केली. नारळ कशाला बांधणार? सोडणार कोण? गाठ आधीच सुटली तर? सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच करा ना."

बंगळुरात येलहंकाला आम्ही ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्याचे मालक खाली राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आयुष्यभर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी साचे बनवले. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठी घरात टिकवलेली. आम्ही नागपूरहून आलो तेव्हा माझं "करून राहिले, जाऊन राहिले" ऐकून त्यांनी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हळूच विचारलं होतं, "ही मराठीच ना?"

मी त्यांच्यापुढे कागदावर पेटी काढली. तळाला दार, दाराला खटका, रिमोट दाबला की खटका सरकणार.

"हे सरी नाही, अम्मा," अण्णा म्हणाले. सरी म्हणजे कानडीत बरोबर. "खटका तुटला तर? पेटीच खाली आली तर? वर टांगलेलं पडणारच आहे असं धरा, मग कामाला लागा."

मी दिवसभर ऑफिसात जे लोकांना ऐकवते ते मलाच कोणीतरी ऐकवत होतं. मला हा माणूस फार आवडला.

आठवडाभर त्यांच्या पडवीत काम चाललं. पेटी पातळ प्लायवूडची. गाडीच्या दाराचं कुलूप उघडणारी छोटी मोटर खटक्याला जोडली. वीज गेली तरी स्प्रिंगमुळे दार बंदच राहावं, अशी सोय केली. पेटी दोन वेगवेगळ्या साखळ्यांनी टांगायची ठरली, आणि दाराला आडवी एक लोखंडी पिन, तिला लाल रिबीन. प्रसंग येईपर्यंत पिन आत, आणि पिन बाहेर असताना खडूच्या रेघेच्या आत जमीनदाराशिवाय कोणी जायचं नाही. अण्णांनी पेटीत नारळांच्या कितीतरी पट वजनाची वाळू भरून ती अख्खा रविवार आंब्याच्या फांदीला लटकवून ठेवली. अक्का त्या दिवशी कपडे वाळत घालायला आंब्याखाली न जाता गच्चीवर गेल्या.

नारळ नऊ. हिरव्या कापडाचे, आत कापूस. खऱ्या नारळाचा आवाज विंगेतल्या ढोलावर काढायचं मी सरांना कसंबसं पटवलं. पहिली चाचणी अण्णांनी स्वतःवर घेतली. हेल्मेट घालून खुर्चीत बसले, मग म्हणाले, "हेल्मेट असताना काय कळणार?" आणि ते काढून मांडीवर ठेवलं.

"या वयात डोक्यावर नारळ पाडून घेताहेत," अक्का खिडकीतून म्हणाल्या.

नारळ पडले. अण्णा डोळे मिटून बसून होते. "पडले का?" त्यांनी विचारलं.

रंगीत तालमीच्या दिवशी मुख्याध्यापिका सुरक्षेची खात्री करायला आल्या. मी साखळ्या दाखवल्या, पिन दाखवली, पिन काढूनही दाखवली. रिमोट टेबलावर होता. बाई मान डोलवत ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता पेटी नीट दिसावी म्हणून रेघ ओलांडून पुढे झाल्या. मी "मॅडम, रेघ" म्हणेपर्यंत वर खट् झालं आणि नऊच्या नऊ नारळ त्यांच्यावर आले.

विंगेतल्या ढोलवाल्या मुलीने तेवढ्यात इमानदारीने ढोल वाजवला.

बाईंनी चष्मा सारखा केला. "लागत नाही, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण दाबलं कोणी?"

कोणीच दाबलं नव्हतं. मी पेटी पुन्हा भरून घेतली, सगळ्यांना रेघेबाहेर काढलं आणि पिन काढून वाट बघत बसले. दहा मिनिटं काही नाही. मग खट्, धडाधड नारळ. बाहेर शाळेची बस आत येत होती.

"आई, गेट!" मुलगी ओरडली.

वॉचमनकडे गेट उघडायचा रिमोट होता. आमचा रिसीव्हर इतका साधा होता की त्याला गेटच्या रिमोटचा आणि आमच्या रिमोटचा इशारा एकच वाटत होता. खात्री करायला वॉचमनला तीनदा गेट उघडायला लावलं. तिन्ही वेळा नारळ पडले. वॉचमन हे बघायला आत आला आणि त्याने चौथ्यांदा स्वतःच्या हौसेने दाबलं.

अण्णा म्हणाले, "रिमोट फेका, दोरी बांधा." मी म्हटलं, रिमोट राहू द्या, रिसीव्हर बदलू. शेवटी दोघांचंही झालं. आपला वेगळा कोड बसवता येईल असा रिसीव्हर आणला, आणि शिवाय वायरने जोडलेलं एक बटण अण्णांच्या हातात दिलं. माझा रिमोट आणि त्यांचं बटण एकाच वेळी दाबलं तरच खटका सुटणार.

नाटकाच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या विंगेत उभे. माझी लेक मिशीला पीळ देत स्टेजवर आली आणि कन्नडमध्ये झाडावर गरजली, "सावलीचं भाडं टाक!" मी रिमोट दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. समोर बघते तर अण्णा बटण खिशात टाकून मनापासून टाळ्या वाजवत होते.

लेकीने वर पाहिलं. ती प्रेक्षकांकडे वळली, "बघा! झाडसुद्धा घाबरतं मला!" लोक हसले. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. मी हातवारे करून दमले. तिने झाडाला लाथ मारली, "मुकं आहेस का रे?" पुन्हा हशा. शेवटी मी दबक्या आवाजात ओरडले, "अण्णा, बटण!" पहिल्या तीन रांगांनी ते ऐकलं. मी रिमोट दाबून धरलाच होता; अण्णांनी खिसा चाचपला, आणि नारळ पडले. असा टाळ्यांचा कडकडाट त्या सभागृहात मी नंतर ऐकला नाही.

पडदा पडल्यावर सर धावत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "हा उशीर फारच छान! उद्याच्या खेळाला असाच करा."

दुसऱ्या दिवशी मात्र अण्णा काही विसरायला तयार नव्हते. लेक स्टेजवर आल्यापासून त्यांनी बटण जे दाबून धरलं ते पडदा पडेपर्यंत सोडलं नाही. उशीर मीच मोजून केला. संध्याकाळी खाली गेले तर अक्का त्यांच्या अंगठ्याला खोबरेल तेल चोळत होत्या.