जॅमच्या बरणीतला अंगारा

त्या वर्षी माझा दत्तमहाराजांशी अबोला होता. पूजा चुकत नव्हती, गुरुवारचा उपासही चालू होता, पण ऑफिसात हजेरीची सही करून खुर्चीत बसावं तसं. निरांजन लावायचं, हात जोडायचे आणि काही न मागता उठायचं. मागून मागून थकले होते. मंदारच्या नोकरीमुळे आम्हाला हूफडॉर्प या डच गावी येऊन चार वर्षं झाली होती आणि आमची सई नऊ वर्षांची होती. तिला राग आला की समोर कोण आहे हे तिला दिसत नसे. शाळेत तिनं खुर्ची फेकली, एका मुलीच्या हाताला चावली, दोनदा मधल्या सुट्टीत पळून कालव्याच्या कडेनं एकटीच चालत गेली. अंगाला कुणी हात लावलेला तिला खपत नसे, माझाही नाही. शेवटी शाळेनं हात टेकले. डॉक्टर, तपासण्या, मीटिंगा असं सगळं होता होता टिलबर्गच्या बाहेर झाडीत असलेल्या एका संस्थेपर्यंत आम्ही पोचलो. अशी मुलं तिथे आठवडाभर राहत, शाळाही त्याच आवारात होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी ती घरी येत.

तीन महिन्यांसाठी ठेवून बघू, असं ठरलं. मी सही केली, पण सही करताना आपण पोटची पोर लोकांच्या दारात सोडून चाललोय असंच वाटत होतं. त्यात आमच्या मराठी मंडळींच्या एका जेवणाला कुणीतरी सहज विचारलं, "अगं, सईला हॉस्टेलला टाकलंस म्हणे?" त्यातला 'टाकलंस' पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिची बॅग भरताना मी एक शहाणपणा केला. आई पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती वाडीचा अंगारा पाठवायची. सई अगदी लहान असताना झोपेत दचकायची, तेव्हा तो तिच्या कपाळाला लावून मी म्हणायचे, "आता कुणाला घाबरायचं नाही." मोठी झाल्यावर ती मान फिरवू लागली, म्हणून मी लावणं सोडून दिलं होतं. त्याची एक बोटभर पुडी मी सईच्या उशीच्या अभ्र्यात, शिवणीच्या आत सरकवली आणि वर चार टाके घातले. संस्थेनं सोबतच्या सगळ्या वस्तूंची यादी मागितली होती, अगदी मोजे किती इथपर्यंत. मी लिहिलं, उशी, एक. मंदारलासुद्धा बोलले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात फोन आला की येऊन भेटा. अभ्रा धुवायला काढताना कागदात बांधलेली राखाडी पूड सापडली होती. त्याच आवारात मोठी मुलंही राहत, आणि असल्या पुड्या तिथे कशाच्या निघतात हे मला मंदारनं गाडीत समजावून सांगितलं. "साधं डिक्लेअर करायचं ना गं. आता काय वाटलं असेल त्यांना?" तो म्हणाला. मी वाटभर रडत होते. आता या पोरीला इथेही ठेवून घेणार नाहीत, आणि तेही माझ्यामुळे.

सईच्या गटाची जबाबदारी अन्नेके नावाच्या बाईंकडे होती. पन्नाशीच्या, उंच, आवाजात जरब असलेल्या. पुडी त्यांच्या टेबलावर होती. माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये आणि अर्ध्या इंग्रजीत मी सांगितलं की ही देवापुढची राख आहे, लहान मूल घाबरलं की आम्ही कपाळाला लावतो. त्या हसतील अशी मी मनाची तयारी केली होती. त्यांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, "केव्हा लावायची? किती? कुठल्या बोटानं?" मी सांगत गेले तसं त्या लिहीत गेल्या. झोपण्याआधी, चिमूटभर, करंगळीशेजारच्या बोटानं. सईच्या रोजच्या कार्यक्रमात दात घासणे आणि दिवा मालवणे यांच्यामध्ये एक ओळ वाढली. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं, सईला हवं असेल तरच. मी म्हटलं, ती नाहीच म्हणणार. त्या म्हणाल्या, "मग आम्ही रोज विचारू." इतक्या वर्षांत मी सईला हे कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन-अडीच महिने मला फार जड गेले. सईबरोबर दर शुक्रवारी एक वही घरी यायची. जेवली का, शाळेत काय केलं, भांडली का, असं सगळं त्यात असे. अंगाऱ्याबद्दल अक्षर नसे. म्हणजे नाहीच म्हणाली, असं मी धरून चालले. घरी ती खोलीत बसून राहायची, मराठीत विचारलं तर डचमध्ये एका शब्दाचं उत्तर द्यायची. मुदत संपत आली तशी मी मंदारला सांगून टाकलं की पुढच्या कागदावर मी सही करणार नाही, सईला घेऊन पुण्याला आईकडे जाणार. "तिथे जाऊन काय करणार आहेस? आईंना झेपणार आहे का?" तो म्हणाला. मी म्हटलं, निदान आपल्या माणसांत तरी असेल.

ती मीटिंग जूनमधल्या एका गुरुवारी, मुलं झोपायला गेल्यावर, साडेआठला होती. ट्रॅफिक लागणारच म्हणून आम्ही लवकर निघालो, आणि नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा मिळाला. पोचलो तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते, बाहेर लख्ख ऊन होतं. मंदार गाडी लावायला गेला, मी आत गेले. सईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती पलंगावर मांडी घालून बसली होती आणि अन्नेके समोर गुडघ्यांवर. त्यांच्या हातात जॅमची छोटी बरणी होती. त्यांनी करंगळीशेजारचं बोट बरणीत बुडवून सईच्या कपाळाला लावलं. सईनं डोळे मिटले होते. कुणाचा हात अंगाला लागल्यावर माझी पोर इतकी शांत बसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मग माझं लक्ष बरणीकडे गेलं. ती अर्धीअधिक भरलेली होती. माझ्या पुडीत तर जेमतेम महिनाभर पुरेल इतकाच अंगारा होता. अन्नेके बाहेर आल्या तेव्हा मी विचारलं आणि त्या जरबेच्या बाई चक्क लाजल्या. "तो संपला. मग मी बाजारातून उदबत्त्या आणल्या. आत धुरानं अलार्म वाजतो, म्हणून आम्ही दोघी सायकलींच्या शेडमागे लावतो आणि राख यात भरतो. सईनं सांगितलंय की त्या वेळी हात जोडून तुमच्या देवाचं नाव घ्यायचं. माझं चुकलं की ती दुरुस्त करते." वहीत का लिहिलं नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, सईनं नको सांगितलं होतं, ही तिची गोष्ट आहे.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. वाडीचा अंगारा कुठे आणि सायकलींच्या शेडमागची राख कुठे. पण घरी देवापुढे क्षणभरही न थांबणारी माझी मुलगी इथे एका परक्या बाईला हात जोडायला शिकवत होती, हे लक्षात आलं. आवाज ऐकून सई अनवाणीच बाहेर आली. माझ्याकडे बघत राहिली, मग अन्नेकेंच्या हातून बरणी घेतली आणि मला म्हणाली, "आई, खाली वाक." मी वाकले. तिनं माझ्या कपाळाला बोट लावलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आता कुणाला घाबरायचं नाही."

साडेआठला मी सही केली. सई तिथे आणखी दीड वर्ष राहिली. राग अजूनही येतो तिला, पण आता ती येऊन सांगते की येतोय. त्या दिवशी काय झालं याची फोड मी कधी केली नाही. एवढंच कळलं की मी पोरीला महाराजांवर सोपवलं म्हणत होते खरी, पण आपला हात काही सोडत नव्हते, आणि त्यांनी कुणाच्या हातून काम करावं हेही मीच ठरवत होते. सई तिथून कायमची निघाली तेव्हा अन्नेकेंनी ती बरणी आम्हाला दिली. ती आमच्या देवघरात आहे. आईकडून येणारा वाडीचा अंगारा मी तिच्यातच ओतते, आणि रोज लावायच्या आधी सईला विचारते, लावू का?