घंटागाडीत गेलेलं गुलामन

“हाडं उकळून केलेली जेली माझ्या पातेल्यात शिजणार नाही, सांगून ठेवते!”

“आई, गुलामन हाडं नाही!” मारिसेल म्हणाली. ही माझी सून, फिलिपिन्सची. मुलगा जहाजावर असतो, तिकडेच जमलं त्यांचं. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला जाऊन वर्ष होत होतं. फोटोपुढे आईच्या आवडीची जेली ठेवायची होती. आणि त्या जेलीच्या लाल, वाळक्या कांड्या मी सकाळीच घंटागाडीत टाकल्या होत्या!

चकल्यांच्या डब्यात तळाला चुरा साचतो, तसे आमच्या फराळाच्या स्वयंपाकघरात किस्से साचतात. पूर्वी हसत सांगायचे. हल्ली घशात अडकतात. मी चौथी शिकलेली. पाकाची तार, बँकेचे फॉर्म, इंग्रजी पाट्या, सगळं लोकांना विचारून विचारून शिकले. ही फुशारकी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते मी.

मारिसेल नवीन होती, तेव्हा ऐन मे महिन्यात लाइट गेली. हिचं गुलामन ओट्यावरच. मी म्हटलं, “फ्रिजशिवाय जेली? लिहून देते, पाणीच राहणार!” तासाभराने माझ्या जोडीला काम करणाऱ्या शांताताईंनी वाटी उपडी केली. जेली ताठ उभी!

मी म्हटलं, “आज हवा गार आहे.”

मग एकदा तिने दिंडोरीची द्राक्षं घालून केलं. शांताताईंनी तीन वाट्या चापल्या. “अहो, चाखून तर बघा!”

“असलं खात नाही मी,” म्हणत मी माझं बदामाचं पुडिंग पुढ्यात ओढलं. चायना ग्रास घालून घट्ट केलेलं, तीस वर्षांचं माझं पेटंट! मारिसेल त्या पुडिंगकडे बघतच राहिली. मला वाटलं, मेली जळते!

तर, त्या भांडणाच्या दिवशी तिने माझ्या फळीवरचं चायना ग्रासचं पाकीट काढलं आणि ओट्यावर आपटलं.

“हे पण समुद्राचं शेवाळ! आमच्याकडे त्या शेवाळाला पण गुलामन म्हणतात, जेलीला पण. तुमच्या पुडिंगमध्ये गुलामनच आहे, आई!”

शांताताईंचा झारा कढईवर थांबला. पण मी कसली ऐकते! “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं?”

तिने आवाज चढवला नाही. आपटलेलं पाकीट सरळ करून ठेवलं आणि म्हणाली, “तुम्ही सगळं विचारून शिकलात ना, आई? मला एकदा पण नाही विचारलं.”