होडीच्या नाकावरची चुंबळ

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारचं ऊन तिसऱ्या खांबापर्यंत सरकतं आणि त्या खांबाला ठोकलेली काळी रबरी पट्टी तापून वास सोडू लागते. गाड्यांचे दरवाजे खरवडू नयेत म्हणून ती मीच लावली आहे. इतरांना तो वास सायकलच्या दुकानासारखा वाटत असेल. मला मात्र तो उल्हास नदीचा वाटतो. कारण ही पट्टी पूर्वी एका होडीच्या काठाला होती, आणि ती होडी मी याच खांबाशेजारी, फर्निचरच्या प्लायवूडमधून, स्वहस्ते घडवली होती. हसू आलं तर संकोचू नका. आमची वस्ती, अख्खी मांजर्ली, हसून झाली आहे.

होडी केली ती बाबांसाठी. खाडीकाठी वाढलेला हा माणूस उमेदीची सगळी वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला, आणि निवृत्तीनंतर आमच्या गॅलरीतून नदीकडे नुसता बघत बसू लागला. "एकदा होडीत बसायचंय," एवढंच म्हणाले होते. गुडघे रोज थोडे थोडे संपावर जात होते. उशीर परवडणारा नव्हता. पण आईनं फर्मान काढलं, "त्या काठावर यांचा हात कापेल. आणि घाटाच्या दगडावर आपटून फुटली म्हणजे? आधी काठ मऊ कर, मग न्यायचं बघ."

आधी सागवानी पट्टी आणली. वाकवताना ती काडकन मोडली आणि अर्धी शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडली. मग बागेचा पाइप उभा चिरून बसवला, तर होडी सलाइन लावल्यासारखी दिसू लागली. शेवटी उल्हासनगर गाठलं. तिथल्या एका सिंधी शेठजींच्या दुकानात मोटारीपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांची रबरं वेटोळी करून टांगलेली.

"कशाला लावायचंय, साईं?"

"होडीला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "उल्हासनगरला समुंदर कधी आला?" मग मी सांगितलेलं माप ऐकून म्हणाले, "सोळा फूट? थोडं जास्ती न्या. कापायला येतं, वाढवायला नाही येत."

मी नुसता हसलो. केसभर फरकासाठी दुसऱ्यांचा माल परत पाठवण्यात ज्याची सगळी हयात गेली, त्या इन्स्पेक्टरला माप शिकवता?

रविवारी मागच्या टोकाकडून स्क्रू मारत निघालो. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. दोन्ही पट्ट्या डौलात वळल्या, पुढे आल्या, आणि नाकापाशी, दोन्ही बाजूंनी, वीतभर आधीच संपल्या.

"टेप सरळ धरलीस ना? या टोकापासून त्या टोकापर्यंत?" बाबांनी विचारलं.

"हो."

"होडीला पोट असतं, साहेब." आणि मग गुडघे धरून हसत, "लेथवरचे माझे किती जॉब रिजेक्ट केले असतेस रे तू!"

मी पुन्हा उल्हासनगरला निघालो, तर म्हणाले, "बस. माळ्यावरचा काथ्याचा दोर काढ." तो भिजवून त्यांनी वळायला घेतला. चहाच्या कपाला थरथरणारे ते हात दोराला थरथरले नाहीत. डोक्यावर हंडा पेलायला बायका करतात तशी जाडजूड चुंबळ तासाभरात त्यांनी होडीच्या नाकावर अशी आवळली, की आईनंही बोट दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्याच रविवारी नेलं त्यांना. जेमतेम पलीकडच्या जांभळीपर्यंत. त्यांचा एक हात रबरावर, एक पाण्यात. परतताना मी पाठमोरा वल्ही मारत होतो, त्यामुळे घाट आल्याचं मला घाटानंच कळवलं. धडक बरोबर नाकावर बसली. होडी चुंबळीवर टेकून मऊपणे मागे सरली. "बघ," बाबा लहान मुलासारखे ओरडले, "बरोबर तिथेच!"

आता बाबा नाहीत. फर्निचरच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटले, होडीही गेली. रबर तेवढं खांबाला आलं; आणि तिथेही मी ते आखूडच कापलं. परवा स्कूटर लावता लावता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वीतभर जागा उघडी राहिली की हो. काहीतरी लावा ना तिथे."

लावण्याजोगं घरात एकच आहे. गॅलरीतल्या खिळ्याला, नदी दिसेल अशी टांगलेली ती चुंबळ. मी म्हटलं, "बघतो."

गाड्यांना वीतभर ओरखडा पडला तर पडू दे.